दहावीचा अभ्यास आणि उजळणी : विद्यार्थी-पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

सहामाहीचे पेपर हातात पडले की एकदा, आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आली की पुन्हा एकदा, हे प्रश्न हमखास येतात. शब्द बदलतात, प्रश्न तेच. उत्तरं राज्य मंडळाच्या दहावीला धरून दिली आहेत, पण आठवी-नववीच्या मुलांनाही ती चालतील. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. वाचताना सगळं समजतं, पण पेपर समोर आला की काहीच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही. वाचताना उत्तर डोळ्यांसमोर असतं म्हणून ते ओळखीचं वाटतं आणि 'हे मला येतं' असा समज होतो. पेपरात ते समोर नसतं, स्वतःच्या डोक्यातून काढावं लागतं. बहुतेक मुलं वर्षभर ओळखण्याचा सराव करतात आणि मार्चमध्ये परीक्षा देतात ती आठवण्याची.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला पुढे जास्त आठवेल अशी खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना.

म्हणून रात्री झोपताना 'झाला धडा' असं वाटतं, त्या वाटण्यावर फार विसंबू नका. या पानावरचा सगळा सल्ला एका वाक्यात बसतो: पुस्तक मिटा आणि आठवून लिहा. बाकीची उत्तरं म्हणजे हे कुठे, कधी आणि कसं करायचं, एवढंच.

२. 'पुस्तक मिटून आठवा' म्हणजे नक्की काय करायचं? पायरीपायरीने सांगा.

विज्ञान १ मधला 'उष्णता' हा धडा घेऊ. त्यातला पाण्याच्या असंगत आचरणाचा भाग आज करायचा आहे. आधी तो नीट, सावकाश वाचा. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवा, मांडीवर नको. कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा, आकृतीसकट.

बहुतेकांना '४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते' हे वाक्य आठवतं. होपच्या उपकरणाची आकृतीही येते: उभं पात्र, मधोमध गोठण मिश्रण, वर आणि खाली एकेक तापमापी. पोरं अडकतात ती पुढे. आधी ४ अंशांवर कोणती तापमापी येते, खालची की वरची? वाचताना हा प्रश्न पडतच नाही, कारण उत्तर पुढच्याच ओळीत असतं.

इथे लगेच पुस्तक उघडायचं नाही. विचार करा. मधलं पाणी थंड झालं, आकुंचन पावलं, जड झालं आणि खाली गेलं. म्हणजे खालची तापमापी आधी उतरणार आणि ४ अंशांवर थांबणार. पुढे ४ अंशांखाली गेलेलं पाणी प्रसरण पावून हलकं होतं आणि वर जातं, म्हणून वरची तापमापी उतरत उतरत ० अंशांपर्यंत पोचते. आता हे पाठ करावं लागलं नाही, जुळवता आलं. चुकलं असतं तरी चाललं असतं. डोकं चालवून चुकल्यावर खरं उत्तर वाचलं की ते जास्त पक्कं बसतं.

सगळं लिहून झालं की पुस्तक उघडा आणि सुटलेलं, चुकलेलं लाल पेनाने त्याच पानावर लिहा. पुढच्या उजळणीत नजर टाकायची ती फक्त लाल मजकुरावर. निळ्याने लिहिलेलं तुम्हाला आलेलंच आहे.

दर वेळी पानभर लिहिणं जमणार नाही. तोंडी सांगितलं तरी चालतं, फक्त मोठ्याने आणि पूर्ण वाक्यांत सांगायचं. मनातल्या मनात आठवताना आपण स्वतःला फार सूट देतो.

३. उजळणी किती दिवसांनी करायची?

हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. त्याने अर्थहीन अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या. समजून वाचलेला धडा इतक्या लवकर जात नाही, पण घसरण तशीच असते. म्हणून पहिली उजळणी लवकर करायची आणि पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं.

सोयीचं गणित असं: आज शिकलेलं उद्या दहा मिनिटं, मग आठवड्याने, मग तीन-चार आठवड्यांनी, मग पूर्वपरीक्षेआधी. एक-दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर काही बिघडत नाही. मधल्या काळात थोडं विसरायला होतं ते चांगलंच. आठवायला जरा जोर लागला पाहिजे. काल रात्री केलेला धडा आज सकाळी पुन्हा वाचून 'मला सगळं येतंय' म्हणणं ही उजळणी नव्हे.

व्याख्या, सूत्रं, संज्ञा यांसाठी चिठ्ठ्या करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यांची कोरी बाजू कापली की झकास पत्ते होतात. तीन डबे घ्या: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की थेट रोजच्या डब्यात परत. ही डब्यांची युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली लोकांपुढे आणली. मोबाईलवरही अशी ॲप आहेत, पण दहावीच्या पोराच्या हातात डबा बरा (का ते प्रश्न १३ मध्ये).

४. रोज किती तास अभ्यास हवा?

हा प्रश्न पालक विचारतात, विद्यार्थी क्वचित. तासांचा आकडा मी देत नाही, कारण चार तास टेबलाशी बसून पाऊण तासाचं काम होतं हे घरोघरी दिसतं. रात्री मुलाला एवढंच विचारा, 'आज न बघता काय लिहून काढलंस?' पान दाखवता आलं तर अभ्यास झाला.

सलग बसवत नसेल तर घड्याळ लावून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं उठून फिरणं, असं करा. त्या पाच मिनिटांत फोन घ्यायचा नाही.

५. दर वेळी वेळापत्रक करते आणि चौथ्या दिवशी ते मोडतं. काय चुकतं?

वेळापत्रकात 'सायंकाळी ५ ते ६ भूमिती' असं लिहिलेलं असतं. पाच वाजता पाहुणे येतात, साडेपाचला लाईट जाते, आणि मग 'आजचा दिवस गेलाच, उद्यापासून नीट' सुरू होतं. वेळ लिहिण्याऐवजी काम लिहा: 'समरूपता, सरावसंच १.३ मधली चार उदाहरणं, न बघता.' ते सहाला झालं काय नि नऊला झालं काय, सारखंच. दिवसाला अशी तीन कामं पुरेत. आणि रविवारची दुपार कोरी ठेवा, आठवड्यात राहिलेलं तिथे बसवायचं. कोरी जागाच नसलेलं वेळापत्रक मोडणारच, कारण आपल्या घरांत सण, लग्नं, बारशी काही तुमच्या दहावीसाठी थांबत नाहीत.

६. हायलायटरने रंगवणं, नोट्स काढणं यांचा उपयोग होतो का?

रंगवण्याचा फारसा होत नाही. २०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा मोठा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. वरच्या दर्जाचा उपयोग दोनच पद्धतींना मिळाला: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं. म्हणजे प्रश्न २ आणि प्रश्न ३.

नोट्सचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पुस्तक समोर उघडं ठेवून सुंदर अक्षरात, तीन रंगांच्या पेनांनी उतरवलेल्या नोट्स म्हणजे छान शुद्धलेखन. त्याच नोट्स पुस्तक मिटून काढल्या आणि मग तपासल्या, तर तो अभ्यास. वही अस्वच्छ दिसली तरी चालेल. मैत्रिणीच्या नोट्सची झेरॉक्स काढली तर अभ्यास मैत्रिणीचा झाला.

७. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच वापरावेत की नाही?

प्रश्नांसाठी जरूर वापरा, उत्तरांसाठी शेवटी. आधी पाठ्यपुस्तक आणि त्यातला स्वाध्याय. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, त्यामुळे 'पुस्तक फाटलं' ही सबब चालणार नाही. स्वाध्याय स्वतः लिहून झाला की मग गाईड उघडून ताडून बघा. तयार उत्तर पाठ करणाऱ्या मुलाची दांडी नेमकी कुठे उडते ते तपासताना दिसतं: प्रश्न 'कारण लिहा' असा असतो आणि उत्तरात व्याख्या येते, कारण गाईडमध्ये तो मुद्दा 'टीप लिहा' खाली होता.

८. गणितात सरावसंच सोडवताना सगळं येतं, मिश्र पेपर आला की गोंधळ होतो. असं का?

कारण सरावसंच तुम्हाला आधीच फितूर असतो. वर 'वर्गसमीकरणे' लिहिलेलं असलं की खालचं प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाने सुटणार हे माहीत असतं. पेपरात ते कोणी सांगत नाही. हे तीन प्रश्न बघा:

एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज दिली आहे आणि अंकांची अदलाबदल केल्यावर संख्या किती होते ते दिलं आहे. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार दिला आहे. एक जण पहिल्या महिन्यात काही रक्कम साठवतो आणि पुढे दर महिन्याला ५० रुपये जास्त.

पहिलं दोन चलांतील रेषीय समीकरणांचं, दुसरं वर्गसमीकरणाचं, तिसरं अंकगणिती श्रेढीचं. तिन्ही शाब्दिक आणि तिन्ही 'समजा क्ष मानू' असं सुरू करण्यासारखी. कोणतं हत्यार उचलायचं हे ओळखणं हेच निम्मं गणित आहे, आणि एकाच प्रकरणाची वीस उदाहरणं ओळीने सोडवताना नेमका त्याचाच सराव होत नाही.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळावर असाच प्रयोग केला. एका गटाला एकेका प्रकाराची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर.

घरी काय करायचं? प्रकरण नवं असताना सलगच सोडवा, पद्धत हातात बसू दे. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या प्रकरणांतली एकेक करून सहा उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा, पिसा आणि सोडवा. सोडवण्याआधी समासात फक्त प्रकरणाचं नाव लिहा. वेळ नसेल त्या दिवशी नुसतं नाव लिहिण्याचा सराव केला तरी फायदा होतो.

९. सोडवून झालेलं उदाहरण पुन्हा सोडवायचं का? आणि भूमितीची प्रमेयं पाठ करायची का?

बरोबर आलेलं पुन्हा नको. चुकलेलं मात्र तीन दिवसांनी, आधीची रीत न बघता.

प्रमेयाचं विधान शब्दशः पाठ हवं. सिद्धता पाठ करायची नाही, पण 'कुठली रचना काढायची' एवढी एक किल्ली लक्षात ठेवायची. पायथागोरसच्या प्रमेयात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला की तीन समरूप त्रिकोण मिळतात, पुढचं आपोआप उलगडतं. सिद्धता पाठ करणाऱ्याच्या आकृतीतली अक्षरं बदलली की तो अडकतो. घरी सराव करताना मुद्दाम 'ABC' ऐवजी 'PQR' घ्या आणि त्रिकोण आडवा काढा.

१०. म्हणजे पाठांतर वाईटच ना?

अजिबात नाही. घोकंपट्टी वाईट, आणि तीही सगळीकडे नाही. सूत्रं, व्याख्या, त्रिकोणमितीचं कोष्टक, पहिली वीस मूलद्रव्यं त्यांच्या संज्ञांसह, तीसपर्यंतचे वर्ग हे पाठच हवं. वर्गसमीकरण सोडवताना २५६ हा सोळाचा वर्ग हे शोधायला वेळ गेला तर मूळ विचाराची तार तुटते. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असायची, आणि ती वाण्याच्या दुकानात रोज कामाला यायची.

पाठांतराची परंपरा ज्यांची सर्वांत जुनी, ते वेदपाठीही सरळ ओळ घोकून थांबले नाहीत. घनपाठात शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे उलटसुलट म्हणतात. नुसत्या ओघात पुढचा शब्द तोंडात येण्याची सोयच तिथे ठेवलेली नाही. तुम्हीही मूलद्रव्यं एकदा उलटी म्हणून बघा, किंवा कोणाला मधलाच अणुअंक विचारायला सांगा.

११. इतिहास-भूगोल लक्षात राहत नाही. खूप वाचावं लागतं.

भूगोलात उलट सोय आहे. दहावीचा सगळा भूगोल भारत आणि ब्राझील या दोन देशांभोवती फिरतो, म्हणून दोन रकान्यांचा कोरा तक्ता काढा आणि न बघता भरा: स्थान, हवामान, नद्या, वनं, लोकसंख्या, वाहतूक. प्रत्येक ओळीत फक्त 'काय' नको, 'का' हवं. ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही, कारण बहुतेक देश उष्ण कटिबंधात आहे आणि हिमालयासारखे उंच पर्वत तिथे नाहीत. ॲमेझॉनचं खोरं विरळ वस्तीचं आणि आग्नेय किनारा दाट, कारण खोऱ्यात घनदाट वनं, दमट हवा, वाहतुकीची अडचण. किनाऱ्याकडे सुपीक जमीन, उद्योग, बंदरं. एकदा कारणांची साखळी लागली की पाच धड्यांचे प्रश्न त्यातूनच सुटतात. नकाशाही कोऱ्या आराखड्यावर आठवून भरा, पुस्तकातल्या नकाशावर बोट फिरवून नव्हे.

इतिहासाच्या पहिल्याच धड्यात हेगेल, रांके, मार्क्स, फूको अशी नावं एकामागून एक येतात आणि मुलं हात टेकतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा आधीच्यापेक्षा वेगळं काय म्हणाला? उत्तर एका ओळीत लिहा, चिठ्ठी करा, डब्यात टाका.

१२. मी सेमी-इंग्रजीत आहे. विज्ञान मराठीतून कळतं, पण पेपर इंग्रजीत लिहायचा असतो.

समजून घ्यायचं मराठीतच घ्या, त्यात कमीपणा नाही. घरी आईला समजावून सांगा मराठीत. पण न बघता लिहिण्याचं काम इंग्रजीतच करा, कारण परीक्षेत तेच करायचंय. पहिल्या उजळणीला मराठीत तोंडी, दुसऱ्या उजळणीला इंग्रजीत लेखी, असं वाटून घेतलं तर जमतं. चिठ्ठीच्या एका बाजूला 'अपवर्तन' आणि दुसऱ्या बाजूला 'रिफ्रॅक्शन'चं इंग्रजी स्पेलिंग व व्याख्या, अशाही चिठ्ठ्या करा. व्याकरणाच्या बारीक चुकांची भीती सोडा. विज्ञानाच्या उत्तरात पारिभाषिक शब्द आणि मुद्दा नेमका असणं जास्त महत्त्वाचं.

१३. यूट्यूबवर धडे बघून अभ्यास होतो का?

धडा समजायला होतो. 'विद्युतधारेचे परिणाम'मधला चलित्राचा भाग फिरताना बघितला की पुस्तकातली आकृती जिवंत होते. पण बघणं म्हणजे वाचणंच, जरा जास्त गोड. प्रश्न १ मधला धोका इथे दुप्पट आहे, कारण शिकवणारा इतकं सफाईने सांगतो की आपल्यालाच येतंय असं वाटतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यातलं लिहून काढा. उशाशी पालथा ठेवलेला फोन म्हणजे 'दुसरी खोली' नव्हे.

१४. माझा मुलगा बघून शिकणारा आहे, मुलगी ऐकून. मग त्यांना वेगवेगळी पद्धत हवी ना?

हा समज शाळांमध्येही मुरला आहे. आवड प्रत्येकाची वेगळी असते हे खरं, पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा मिळत नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासून हाच निष्कर्ष काढला. पद्धत विषयाप्रमाणे बदला. नकाशा बघूनच शिकायचा, कविता म्हणूनच, गणित हाताने सोडवूनच.

१५. पहाटे उठून अभ्यास केलेला जास्त लक्षात राहतो का?

पहाट शांत असते, म्हणून बरं वाटतं. रात्री बाराला झोपून चारला उठवलेल्या मुलाला पहाटेचा काही फायदा नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभराचं शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतही चालू असतं. पेपरच्या आदल्या रात्री जागरण तर नकोच. परीक्षा सकाळच्या सत्रात असते, म्हणून फेब्रुवारीपासून डोकं त्या वेळी ताजं राहील असं उठणं-झोपणं बसवा.

१६. आम्ही दोघं फार शिकलेलो नाही. मुलीचा अभ्यास कसा घेणार?

तुम्हाला येण्याची गरज नाही, हीच गंमत आहे. पुस्तक तुमच्या हातात ठेवा, मुलीला म्हणा 'सांग काय आहे यात.' ती सांगेल तसं बोटाने ओळी धरत जा. मधेच 'का गं?' एवढंच विचारा. ती अडखळली की पुस्तक तिला परत. भाकऱ्या थापताना, भाजी निवडताना हे होतं, वेगळा वेळ लागत नाही. चिठ्ठ्यांचा डबा असेल तर लहान भाऊही प्रश्न विचारू शकतो, आणि मोठ्या बहिणीची परीक्षा घ्यायला तो आनंदाने तयार होतो.

घरात एकच खोली असेल आणि टीव्ही चालू असेल, तर जवळपास नगरपालिकेची किंवा मंडळाची अभ्यासिका आहे का बघा, किंवा शाळेत वर्ग उघडा मिळतो का विचारा.

१७. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, मग अवघड विषय सोडून दिला तर?

टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची, ५०० पैकी धरतात, हे खरं. पण उत्तीर्ण सगळ्याच विषयांत व्हावं लागतं. शिवाय कोणता विषय सहावा ठरेल हे निकालाच्या दिवशी कळतं, नोव्हेंबरमध्ये नव्हे. अवघड विषयाला रोज थोडा, पण दिवसातला पहिला वेळ द्या. आवडत्या विषयात ९२ चे ९५ करण्यापेक्षा नावडत्यात ४५ चे ६० करणं सोपं असतं.

१८. सराव पेपर कधीपासून आणि किती सोडवायचे?

डिसेंबरपासून, आठवड्याला एक. घड्याळ लावून, एका बैठकीत, पाणी पिण्यापुरतं थांबून.

वेळेचं गणित एकदा कागदावर मांडा. गणित आणि विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन. मुलांना वेळ कमी पडतो तो बहुधा भाषेत, आणि सराव मात्र गणिताच्याच पेपरांचा होतो. उपयोजित लेखन शेवटी उरतं आणि निबंध अर्ध्यावर सुटतो. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटं जादा देतं. ती तपासायला ठेवा, लिहायला धरू नका.

पेपर सोडवण्याइतकाच वेळ तो तपासायला द्या. चूक कशाची ते समासात लिहा: आलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड, वेळ संपला. चार पेपरांनंतर आपलं दुखणं कुठलं ते कळतं. नुसते वीस पेपर सोडवून बाजूला टाकणाऱ्यांची तीच चूक वीस वेळा होते.

१९. महिना उरलाय आणि काहीच झालेलं नाही. आता काय?

आता अंतर ठेवून चार उजळण्या होणार नाहीत, दोन होतील. त्यासाठी सुरुवात धड्यापासून नको, प्रश्नपत्रिकेपासून करा. मागच्या वर्षीचा पेपर घ्या, जे येतं ते लिहा, येत नाही त्या प्रश्नाचा धडा उघडा, तेवढाच भाग वाचा, मिटा, लिहा. आकृत्या, नकाशा, व्याख्या, सूत्रं, व्याकरण हे आधी, कारण तिथे गुण पूर्ण मिळतात. नवे धडे शेवटच्या चार दिवसांत सुरू करू नका. हो, आणि वेळापत्रक रंगवण्यात अर्धा दिवस घालवू नका.

२०. मुलाला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. त्याला हे सगळं कसं जमेल?

तत्त्व तेच, माध्यम बदला. तो लिहिण्याऐवजी सांगेल, तुम्ही ऐकाल किंवा फोनवर ध्वनिमुद्रण कराल. धडा त्याला वाचून दाखवा, पण आठवून सांगायचं काम त्याचंच. चिठ्ठ्यांवर शब्दांऐवजी आकृत्या चालतात. उजळण्यांची संख्या वाढवा, प्रत्येकीचा वेळ कमी करा.

परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मंडळ देतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. लेखनिक मिळणार असेल तर त्याच्यासारख्या कोणालातरी सांगून लिहून घेण्याचा सराव आधी करा. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे, आणि पहिल्यांदा ते परीक्षेच्या दिवशी करायला लावणं म्हणजे त्या मुलावर अन्याय.

२१. पेपरात अचानक सगळं पुसलं गेल्यासारखं झालं तर?

पेन खाली ठेवा, दोन घोट पाणी प्या, आणि जो प्रश्न सर्वांत सोपा आहे तो लिहायला घ्या, मग तो शेवटचा का असेना. प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडवले तरी चालतात, फक्त क्रमांक नीट घाला. अडलेल्या उत्तरासाठी त्या धड्यातलं दुसरं काहीही आठवतंय का बघा: आकृती, शेजारचा मुद्दा, लाल पेनाने लिहिलेली ओळ. एक धागा हाती लागला की बाकीचं मागोमाग येतं. ते कच्च्या कामाच्या जागी पेन्सिलीने टिपून ठेवा आणि पुढे चला. निम्म्या वेळा तिसरा प्रश्न लिहिता लिहिता पहिल्याचं उत्तर आठवतं. तरीही नाहीच आलं, तर माहीत आहे तेवढं लिहा. टप्प्यांना गुण असतात, कोऱ्या जागेला नसतात.